बाळाच्या बाटल्या: पातेलं, मोदकपात्र आणि स्टीमर

माझी मुलगी ३४व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ९०० ग्रॅम, आणि पहिले १६ दिवस ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. मी पंपाने दूध काढून द्यायचे आणि तिथल्या सिस्टर चोच असलेल्या एका छोट्या भांड्याने तिला थेंब थेंब पाजायच्या, त्या त्याला पलाडाई म्हणायच्या, माझी आजी एकदा काचेबाहेरून बघून गेली आणि म्हणाली अगं हे तर बोंडलं, तुझ्या आईला मी ह्यानेच पाजलंय. मी एका सिस्टरना विचारलं होतं की बाटली का नाही देत, तुम्हालाही सोपं पडेल ना, तर त्या म्हणाल्या, "बाटलीला कोपरे असतात ताई, ह्याला नाहीत." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यात चांगलंच कळलं.

डिस्चार्जनंतर मी थेट माहेरी बार्शीला गेले, एप्रिलचा मध्य, ऊन म्हणजे नुसतं भाजत होतं. अंगावर पाजायचा प्रयत्न चालू होता पण ती चार-पाच मिनिटात दमून झोपायची, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं की अंगावर पाजून झालं की वरून काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. दिवसातून आठ वेळा अंगावर घ्यायचं, मग पंप, मग वाटी-चमचा, मग ढेकर, हे सगळं संपेपर्यंत पुढची वेळ यायची. रात्री चमच्याने पाजायला पाऊण तास लागायचा आणि निम्मं दूध दुपट्यावर. तीन आठवडे असे काढले. मग फोनवर डॉक्टर मॅडमशी बोलून रात्रीच्या दोन वेळा बाटली चालेल असं ठरलं, पण त्यांनी एक अट घातली, की ही कमी दिवसांची आहे, तुमच्याकडे पाणी बोअरचं आहे, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर बाटली निर्जंतुक झालीच पाहिजे, एकदाही सुटायला नको.

इथून माझी शोधाशोध सुरू झाली. आपल्याकडे ह्या विषयावर उघडपणे माहिती फार कमी मिळते असं मला वाटलं. १९९२ च्या कायद्याने बाटल्यांची आणि दुधाच्या पावडरची जाहिरात करायला बंदी आहे, आणि ती हवीच, कारण आईच्या दुधाची जागा बाटलीने घेऊ नये. पण ज्या बाईला खरंच गरज पडते ती मग मेडिकलवाल्याला, आत्याला, शेजारणीला विचारत फिरते आणि प्रत्येकजण वेगळं सांगतो. आत्या म्हणाली, कढत पाणी ओतायचं, हलवायचं, टाकायचं, झालं. मावशी म्हणाली कुकरला एक शिट्टी दे. मामेबहिणीने तिच्या मुलाच्या दोन जुन्या बाटल्या प्रेमाने पाठवल्या, काचेसारख्या लख्ख आणि कडक प्लॅस्टिकच्या, बारा वर्षांपूर्वीच्या. त्या मी वापरल्या नाहीत. आधी बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या असायच्या, त्यात बीपीए नावाचं अपायकारक रसायन असतं आणि उकळत्या पाण्याने ते जास्त सुटतं, भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाटल्यांच्या मानकातून पॉलिकार्बोनेट काढून टाकलं. आताच्या बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात, जरा दुधट दिसतात, खाली त्रिकोणात ५ आकडा आणि पीपी लिहिलेलं असतं. तुम्हाला कोणी जुनी बाटली दिली तर आधी तळ बघा, काहीच लिहिलेलं नसेल तर सरळ नाही म्हणा, वाईट वाटलं तरी चालेल.

मी दोन नव्या बाटल्या घेतल्या, १२५ मिलीच्या, रुंद तोंडाच्या. रुंद तोंड मुद्दाम, हात आणि ब्रश दोन्ही आत जातात.

सुरुवात पातेल्यापासून. आईकडे एक जुनं जाड बुडाचं पातेलं होतं, ते तिने फक्त ह्या कामासाठी बाजूला काढलं, त्यात दुसरं काही शिजवायचं नाही असा घरात नियम केला. तळाशी मलमलचं धुतलेलं फडकं घालायचं म्हणजे प्लॅस्टिक थेट बुडाला टेकत नाही, बाटल्या आडव्या टाकायच्या, निपल, रिंग, झाकण सगळं सुटं, वरून पाणी. वेळ किती ह्यावर मी बरंच वाचलं, अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेच्या सूचनेत ५ मिनिटं आहेत, ब्रिटनच्या एनएचएस ह्या सरकारी आरोग्यसेवेच्या सूचनेत निदान १० मिनिटं, दोन्ही पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून मोजायची. माझी कमी दिवसांची असल्यामुळे मी १० धरली.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. बाटली पाण्यात टाकली की तरंगते, तिच्या पोटात हवा अडकते आणि नेमका आतला भाग, जिथे दूध असतं तोच, कोरडा राहतो. मी पहिले दोन-तीन दिवस झाकण ठेवून निघून जायचे, एकदा सहज बघितलं तर दोन्ही बाटल्या पालथ्या तरंगत होत्या आणि आत अर्धी हवा. तेव्हापासून बाटली आधी पाण्याखाली तिरकी धरून बुडबुडे पूर्ण जाऊ द्यायचे आणि वर एक स्टीलची ताटली उपडी ठेवायची म्हणजे ती खालीच राहते. निपल पण तसंच, बोटाने दाबून हवा काढायची. साधी गोष्ट आहे पण तिच्याशिवाय दहा मिनिटं उकळून काहीच उपयोग नाही.

काचेची एक बाटली पण आणून बघितली होती, ती थंड पाण्यात ठेवून मग गॅस लावायचा आणि नंतर तशीच निवू द्यायची असते. मी घाईत गरम बाटली सिंकमधल्या गार पाण्यात ठेवली आणि ती तडकली. बारीक तडा होता, नशिबाने दूध भरायच्या आधी दिसला.

आणि एका रात्री पातेलं गॅसवर ठेवून मला झोप लागली. पहाटे तीनची वेळ, आदल्या रात्रीची पण झोप नव्हती. आई वास आला म्हणून उठली तर पातेल्यातलं सगळं पाणी आटलेलं, फडकं काळं झालेलं आणि निपल बुडाला चिकटलेलं. खोलीभर जळक्या सिलिकॉनचा वास, शेजारी बाळ झोपलेलं. काही झालं नाही, पण त्या रात्री मी खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून नियम केला की उकळायचं काम रात्री करायचंच नाही, संध्याकाळी सातला एकदा सगळं उरकायचं, आणि त्यासाठी बाटल्या दोनाच्या चार केल्या. ज्या बायका रात्री एकट्या सगळं करतायत त्यांना मी हात जोडून सांगेन, एखादी बाटली जास्त घ्या पण झोपेत गॅस लावू नका.

आता बोअरच्या पाण्याचं. बार्शीला आमच्याकडे पाणी इतकं जड की आठ दिवसात बाटल्यांवर पांढरा थर चढला, पातेल्याला तर पापडीच धरली. हा क्षार म्हणजे जंतू नाहीत, तसा तो अपायकारकही नाही, पण त्याने बाटली खरखरीत होते आणि मग दुधाचा चिकटपणा त्याला धरून बसतो, ब्रशने निघत नाही. शिवाय जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, फेस नाही म्हणून आपण साबण जास्त घालतो आणि मग तो लवकर निघत नाही. आम्ही उकळायला प्यायचं फिल्टरचं पाणी घ्यायला लागलो, तेव्हा फरक पडला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मला तिच्या जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे ठिपके दिसले. मला वाटलं दूधच आहे, ओल्या फडक्याने पुसायला गेले तर निघेना, ती दूध प्यायला लागली की तोंड फिरवून रडायची. बार्शीतल्या बालरोग डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बॅटरीने बघितलं आणि सांगितलं की ही बुरशी आहे, कॅन्डिडा, लहान बाळांना होते, घाबरू नका. मग म्हणाले बाटली आणलीय का, दाखवा. माझ्या पिशवीत संध्याकाळची उकळलेली, झाकण लावलेली बाटली होती, मी दिली, जरा विश्वासानेच दिली. त्यांनी निपल रिंगमधून ओढून काढलं, उलटं केलं आणि निपलची जी खालची कड रिंगच्या खोबणीत बसते तिथे नखाने ओढलं. पिवळसर, साबणासारखा, चिकट थर नखावर आला. "हे जुनं दूध आहे. तुम्ही हे रोज उकळताय, बरोबर, पण धूत नाही आहात."

सिस्टरचे कोपरे मला त्या क्षणी आठवले.

मी धुवत होते हो. पण कसं, तर बाटलीत साबणाचं पाणी घालून हलवायचं, ब्रश फिरवायचा, निपलवरून बोट फिरवायचं आणि रिंगसकट पातेल्यात टाकायचं, सुटं करते असं म्हणायचे पण निपल रिंगमध्ये घट्ट बसलेलं असायचं ते कित्येकदा तसंच राहायचं. डॉक्टरांनी समजावलं की दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, ती उकळत्या पाण्याने जागच्या जागी घट्ट बसतात, शिजतातच एक प्रकारे, आणि त्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात, वरून वाफ द्या नाहीतर पाणी द्या. बुरशीचं कारण एकटी बाटलीच असं ते म्हणाले नाहीत, एनआयसीयूत तिला अँटिबायोटिक्स झाली होती त्यानेही होतं, पण बाटली, निपल आणि माझं अंग ह्या तिघांमधून ती पुन्हा पुन्हा फिरत राहते. तिला तोंडात लावायचं औषध दिलं, मला लावायचं मलम दिलं, दोघींना एकाच वेळी, आणि सगळी निपलं बदलायला लावली. बारा-तेरा दिवसात गेलं. त्यांनी हेही सांगितलं की हॉस्पिटलात यंत्रात दाबाखालच्या वाफेने १२१ डिग्रीला करतात तेच खरं निर्जंतुकीकरण, घरी आपण उकळून जे करतो त्याने रोजचे त्रासदायक जंतू मरतात, काही चिवट बीजाणू मरत नाहीत, म्हणून घरच्या पद्धतीत धुण्याचा वाटा मोठा.

तेव्हापासूनची धुण्याची पद्धत मी आजपर्यंत बदललेली नाही. पाजून झालं की लगेच, निदान त्याच तासात, बाटली गार पाण्याने खळखळून घ्यायची, आधी गरम नाही, गरमने दूध चिकटतं. मग सगळे भाग सुटे. मग वेगळ्या पातेलीत गरम साबणाचं पाणी, थेट सिंकमध्ये नाही कारण सिंकमध्ये आपण मेथी धुतो, मटण धुतो, तिथे काय काय असतं. बाटलीला मोठा ब्रश, निपलला छोटा, आणि निपलच्या भोकातून पाणी दाबून पिचकारीसारखं बाहेर काढायचं. रिंगची आतली आटी असते तिथे छोटा ब्रश फिरवायचा. मग वाहत्या पाण्याखाली, आणि तेही भाग सुटेच ठेवून. ब्रश पण रोज उकळायचे, ते विसरतो आपण, आणि ब्रश ओला डब्यात कोंडायचा नाही. पंपाचे दुधाला लागणारे भाग पण ह्यातच, फक्त पंपाची नळी मी पाण्यात घालत नाही, तिच्यात दूध जातच नाही आणि एकदा पाणी गेलं की वाळता वाळत नाही, बुरशी धरते.

मोदकपात्राची कल्पना आईची. पातेल्यातल्या पाण्याच्या क्षाराला कंटाळून ती एक दिवस म्हणाली, अगं आपण हे वाफवू का, उकडीच्या मोदकांसारखं, वाफेत क्षार कुठून येणार. मला आधी ते पटेना, मग विचार केला की बाजारात जे इलेक्ट्रिक स्टरिलायझर मिळतात ते तरी काय करतात, खाली थोडं पाणी, वर जाळी, वाफ, झाकण. मोदकपात्रात तेच आहे, फक्त खाली गॅस. आम्ही दोन पेले पाणी घातलं, चाळणीवर निपलं आणि रिंगा पसरून, बाटल्या तोंड खाली करून तिरक्या ठेवल्या, झाकण नीट बसलं. वाफ कडेने जोरात यायला लागली तिथून १५ मिनिटं. बाटल्या स्वच्छ निघाल्या, एक पांढरा डाग नाही. १२५ मिलीच्या बाटल्या आरामात बसतात, २५० ची उंच बाटली उभी बसत नाही, झाकण वर राहतं आणि वाफ निघून जाते, ती आडवीच ठेवावी लागते. पाणी कमी लागतं, प्लॅस्टिक बुडाला टेकत नाही, गॅस कमी जातो, आणि लाईट असो नसो. बार्शीला मे महिन्यात दुपारी दुपारी लाईट जायची, कधी रात्री पण, त्यामुळे गॅसवर चालणारी पद्धत हा आमच्यासाठी मोठाच दिलासा होता. एक काळजी मात्र घ्यावी लागते, पाणी आटू द्यायचं नाही, आम्ही त्यात एक स्वच्छ नाणं टाकायचो, पाणी असेपर्यंत ते खडखडत राहतं, आवाज थांबला की समजायचं पाणी संपलं. हे आजीचं.

ह्या दरम्यान बाकीच्या पद्धती पण ऐकून, काही करून झाल्या. कुकर एकदाच केला. आपला कुकर दाबाखाली १२० डिग्रीच्या आसपास जातो, जंतू मारायला उत्तमच, पण बाटलीच्या कंपनीच्या कागदावर कुकर नव्हता आणि आमची एक बाटली तोंडाशी किंचित वाकली, रिंग लावली की दूध झिरपायचं. शिवाय कुकरच्या रबराचा वरण-भाताचा वास निपलला लागला. परत नाही केला.

माझी चुलत वहिनी इंग्लंडात असते, तिने सांगितलं तिकडे बऱ्याच बायका गार पाण्यातली पद्धत वापरतात, झाकणाच्या बादलीत पाणी, त्यात क्लोरीनची गोळी नाहीतर द्रावण, बाटल्या पूर्ण बुडवून निदान अर्धा तास ठेवायच्या, पाणी २४ तासांनी बदलायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. प्रवासात, जिथे गॅस नाही लाईट नाही, तिथे ही पद्धत मला सगळ्यात चांगली वाटते. पण आमच्या मेडिकलमध्ये त्यासाठीच्या गोळ्या मिळाल्या नाहीत आणि घरातलं फरशीचं, कपड्यांचं ब्लीच वापरायचं मी मुळीच धाडस केलं नाही, त्यात वास घातलेला असतो, जोर किती ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला अंदाजपंचे नको.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने यूव्ही लाइटचा (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) डबा घ्या म्हणून सुचवलं. वाळवून पण देतो, गरम नाही, दिसायला सुंदर. पण प्रकाश सरळ जातो, जिथे सावली तिथे तो पोचत नाही, आणि निपलची खोबण, रिंगची आटी म्हणजे सगळी सावलीच. मला एकदा त्याच जागी धडा मिळालेला असल्यामुळे हा विचार मी लगेच सोडला.

आत्याची कढत पाण्याने विसळायची पद्धत, ती मनापासून सांगत होती, तिची तीन मुलं तशीच वाढली. पण ओतलेलं पाणी काही सेकंदात निवतं, सगळीकडे लागतही नाही. मी तिला एवढंच म्हटलं, आत्या हिचं वजन आत्ता कुठे अडीच किलो होतंय, हिच्या बाबतीत मला जोखीम नाही घ्यायची. तिला पटलं.

जूनच्या शेवटी पुण्याला परत आलो. आमची सोसायटी शहराच्या कडेला आहे, पाणी बरेच दिवस टँकरचं, तेही जडच. इथे सासूबाई आणि नवऱ्याने माझ्यासाठी इलेक्ट्रिक स्टीमर आणून ठेवला होता, साधारण अडीच हजाराचा. खरं सांगते, मला त्याचा फार आधार झाला. मापाच्या पेल्याने पाणी घालायचं, बटण दाबायचं, दहा-बारा मिनिटात आपोआप बंद, पाणी संपलं तरी बंद, म्हणजे मला झोप लागली तरी घर जळणार नाही ही खात्री. त्या रात्रीनंतर ही एक गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, आणि ज्यांना परवडेल त्यांनी ह्या कारणासाठी तो घ्यावा असं माझं मत आहे. झाकण न उघडता ठेवलं तर आतल्या बाटल्या २४ तास चालतात असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, पण एकदा एक बाटली काढायला झाकण उघडलं की ते गणित संपलं, म्हणून मी उघडल्यावर सगळ्याच बाटल्या हात साबणाने धुऊन लगेच जोडून टाकते, निपल आतल्या बाजूने न धरता कडेला धरून, वर टोपण.

त्याच्या तापणाऱ्या प्लेटवर मात्र पहिल्याच आठवड्यात तपकिरी-पांढरा थर आला, टँकरच्या पाण्याचा. थर जाड झाला की वाफ व्हायला वेळ लागतो, कधी यंत्र आधीच बंद होतं. दर आठ दिवसांनी लिंबूसत्व पाण्यात विरघळवून प्लेटवर घालायचं, थोड्या वेळाने पुसायचं, की लख्ख. मशीनमध्ये आता आरओचंच पाणी घालतो, तरी महिन्यातून एकदा हे करावंच लागतं. आणि लाईट मधेच गेली तर ती फेरी धरायची नाही, पुन्हा पहिल्यापासून.

मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा वाफेचा डबा पण मिळतो, नणंदेकडे आहे, थोडं पाणी घालून मायक्रोवेव्हच्या वॅटप्रमाणे काही मिनिटं. चांगला आहे, फक्त उघडताना वाफ अंगावर येते, तिचा हात भाजला होता, पाच मिनिटं थांबून उघडायचा. आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही त्यामुळे विषय संपला.

पुण्यात एक नवीन गोष्ट कळली. सासूबाई स्टीमरमधून बाटली काढायच्या, गरम असायची म्हणून नळाखाली धरायच्या आणि मग ओट्यावरच्या फडक्याने आतून पुसायच्या. त्यांचा हेतू किती चांगला, बाळाला ओली बाटली नको. पण टँकरचं पाणी आणि ओट्याचं फडकं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. मला त्यांना कसं सांगावं समजेना, दोन दिवस गप्प बसले, मग नवऱ्यासमोर न सांगता एकटीच त्यांच्याजवळ बसले आणि बार्शीच्या डॉक्टरांनी नखाने काढलेल्या थराचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं मग आधीच नाही का सांगायचंस, मला कोण सांगणार हे." त्यांनी त्याच संध्याकाळी जुन्या चटणीच्या रॅकची जाळी घासून वाळवण केलं, बाटल्या पालथ्या घालून हवेवर वाळवायच्या, पुसायचं काहीच नाही. आत दोन थेंब राहिले तर राहू दे, ते वाफेचेच असतात.

सप्टेंबरच्या शेवटी माझी २६ आठवड्यांची रजा संपली. आता दिवसभर बाळ सासूबाई आणि सांभाळायला येणाऱ्या मावशींकडे. दूध कमी पडायचं म्हणून डॉक्टरांना विचारून दुपारची एक वेळ पावडरची सुरू केली, आणि इथे एक गोष्ट मला आधी माहीतच नव्हती, की पावडर निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, निदान ७० डिग्री असतानाच पावडर घालायची, मग बाटली गार पाण्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. कोमट पाण्यात कालवून दिलं तर बाटली कितीही वाफवलेली असो, पावडरीतले जंतू तसेच. केलेलं दूध दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, उष्टं राहिलेलं टाकून द्यायचं, मावशींना दूध टाकताना फार जिवावर यायचं, मलाही यायचं.

मावशींना स्टीमरचं बटण, दिवा, पाण्याचं माप ह्याची भीती वाटायची, दोनदा पाणी जास्त पडलं आणि फेरी अर्धवट झाली. पण त्या गणपतीत मोदक करणाऱ्या, वाफ कधी धरली आणि कधी झालं हे त्यांना झाकणाच्या आवाजावरून कळतं. मी तुळशीबागेतून वेगळं मोदकपात्र आणलं, घरचं मोदकांचं असतं त्याला हात लावायला नको म्हणून, आणि दिवसाच्या बाटल्या मावशी त्यात करतात, रात्रीच्या मी स्टीमरमध्ये. दोन पद्धती एका घरात बघून नणंद विचारते, नेमकी कुठली बरोबर. माझं मत असं झालंय की जो माणूस ते रोज करणारे त्याच्या हाताला जी बसते ती बरोबर, फक्त बाटली आधी धुतलेली आणि सुटी केलेली हवी, त्यात कुणालाच सूट नाही. मी मावशींबरोबर बसून निपल रिंगमधून काढायचं पंधरा-वीस वेळा करून घेतलं. आता त्या मलाच दाखवतात, ताई बघा, खोबणीत काही नाही.

निपलं मी दोन-अडीच महिन्यांनी बदलते, आणि आधीच चिकट वाटलं, ओढल्यावर चीर दिसली तर लगेच.

डॉक्टर मॅडमना विचारलं हे किती दिवस चालवायचं. त्या म्हणाल्या, पूर्ण दिवसांच्या, तब्येतीने चांगल्या बाळाला आणि पाणी चांगलं असेल तर काही महिन्यांनी थोडं सैल केलं तरी चालतं, पण तुमचं टँकरचं पाणी आणि हिची सुरुवात बघता वर्षाचा वाढदिवस होईपर्यंत चालू ठेवा. मी ते मान्य केलं, एकदाही सोडलं नाही, त्यानंतर तिला बुरशी झाली नाही, जुलाब एकदा झाले ते दात येताना.

आता ती साडेदहा महिन्यांची आहे, आठ किलो दोनशे. गेल्या महिन्यापासून दुपारचं दूध आजीच्या छोट्या फुलपात्रातून पिते, दोन्ही हातांनी धरते, अर्धं सांडते, सासूबाई लाळेरं धरून समोर बसलेल्या असतात. फुलपात्र घासून, विसळून, मोदकपात्रात इतर भागांबरोबर उपडं ठेवतो, एका मिनिटात धुऊन होतं. रात्रीची एक बाटली राहिलीय, ती सुटली की चारही बाटल्या बंद करणार आहे. बोंडलं आजीने दिलंय, चांदीचं, ते मी घासून तिच्या डबीत ठेवलंय.